वरच्या मजल्यावरचा समुद्र

गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीचा स्लॅब कोसळला, तेव्हापासून छताकडे बघितल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ टेकत नाही. उल्हासनगरची ही आमची इमारतही त्याच वयाची. पाहणीला आलेला इंजिनिअर म्हणाला, आतलं लोखंड गंजलं की स्लॅब गेलाच. तुमचं अजून टिकून आहे, वर फार वजन ठेवू नका. मी वजन तेवढं लक्षात ठेवलं.

आणि नेमकी वरच्या दिपेशला समुद्रातले मासे पाळायची हौस आली. त्याच्या हॉलच्या बरोबर खाली आमचा हॉल, आणि तिथेच पलंगावर माझी चार वर्षांची नात रुचिका झोपते. दिपेशने मोबाईलवर मला एक निळा मासा दाखवला. याला पोहायला सहाशे लिटरची टाकी लागते म्हणाला. म्हणजे सहाशे किलो नुसतं पाणी, काच आणि दगड वेगळे. भांडले असते तर पठ्ठ्याने हट्टाने याहून मोठी आणली असती, लहानपणापासून ओळखते त्याला. म्हणून म्हटलं, मलाही ने दुकानात, मासे निवडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दुकानात त्या निळ्यावरून दिपेशची नजर हटेना. मी बाजारात पापलेटला ठेवते तशी त्याला नावं ठेवायला लागले. डोळा निस्तेज आहे, पोट खपाटीला गेलंय, कल्ल्याचा रंग बघ. सिंधी दुकानदार शेवटी वैतागला.

"माताजी, इसको फ्राय नहीं करना है।"

मग मला कोपऱ्यात केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी दिसली. ती जागची फारशी हलत नव्हती. यांना छोटी टाकी पुरते, असं दुकानदारच म्हणाला. मी ती संधी सोडते काय?

"ही जोडी घे. तुझं जमेल तेव्हा जमेल, तोवर घरात एक जोडपं तरी नांदू दे."

दिपेश हसला आणि टाकी छोटी आली. मी देवापुढे साखर ठेवली.

पुढे छताच्या कोपऱ्यात ओल दिसायला लागली. ती मी वरच्या बाथरूमच्या माथी मारली. परवा सकाळी रुचिका पलंगावर दूध पीत बसली होती. तिच्या ओठावर वरून थेंब पडला आणि तिने तो चाटला.

"आजी, छत खारट आहे."

मी वर पाहिलं. ओलीच्या कडेने पांढरं मीठ फुललं होतं आणि मधला गिलावा पोटासारखा फुगला होता. बोट लावलं, जिभेला टेकवलं. खारटच. मीठ लागलेला तवा ओला राहिला तर सकाळी लाल होतो, हे कळायला मला इंजिनिअर लागत नाही. आणि मी बसले होते किलो मोजत.

रुचिकाला कडेवर घेऊन वर धावले. दिपेशने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात पोछा होता. दर रविवारी मीठ कालवून पाणी बदलताना जरा सांडतंच, तो म्हणाला.

"पण जोडी बघा ना काकू, किती रमलीय. तुम्हीच निवडलेली."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली आमच्या घरात धप्पकन काहीतरी पडलं. पोरगी माझ्या कडेवर होती, तरी मी आधी तिलाच चाचपून पाहिलं.