मला तेल लागत नाही

बॉलहेड हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल, मित्रांनो. मी तोच आहे, आणि आता जुना झालो आहे. छायाचित्रकार तीन पायांची तिवई उभी करतात आणि तिच्यावर कॅमेरा बसवतात. त्या दोघांच्या मधला सांधा म्हणजे मी. तुमच्या खांद्यात उखळीचा सांधा असतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. माझेही तसेच आहे. एका वाटीत धातूचा गोळा बसवलेला आहे. बाजूची मोठी फिरकी सैल केली की गोळा हवा तिकडे वळतो, आवळली की जिथल्या तिथे थांबतो. वळणे सोपे आहे. थांबणे हे माझे खरे काम.

माझा जन्म कारखान्यातला. लेथवर माझा गोळा कातला गेला, घासला गेला आणि त्यावर काळा थर चढवला गेला. वाटीने गोळ्याला धरायचे ते कोरड्या पकडीने. तेलाचा थेंब आत गेला तर ती पकड सुटते. हे सगळे एका कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापून तो माझ्या खोक्यात घातला होता. त्या कागदाची घडी पुढे बारा वर्षे कुणी मोडली नाही.

अमरावतीत गजेंद्र नावाच्या तरुणाचे कॅमेऱ्यांचे दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी पाच महिने बसून होतो. एके दिवशी अकोल्याहून शालिकराम आले. त्यांचा मळा मोर्णा नदीच्या काठी होता आणि जुन्या शहरात भाजीचे दुकान होते. वांगी, पालक, मेथी, आणि वऱ्हाडात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढता काढता त्यांना त्याचा नाद लागला होता. त्यांची मुलगी वर्षाली तेव्हा अमरावतीत कॉलेजात शिकत होती. तीही सोबत होती.

शालिकरामांकडे आधी एक स्वस्तातला बॉलहेड होता. त्यात एक खोड होती. पक्षी नेमका धरून फिरकी आवळावी, हात काढावा, की लांब लेन्स बोटभर खाली झुकायची. त्यामुळे त्यांच्या फोटोंत पक्ष्यांची पोटे छान येत आणि डोकी कापली जात.

गजेंद्रने काउंटरवर तीन बॉलहेड मांडले. एक चकचकीत आणि मुठीत धरून वळवायचा. एक लहान, हलका. तिसरा मी.

"काका, हे मुठीवालं पाहा. बाहेरदेशची लोकं हेच वापरते," गजेंद्र म्हणाला.

"बाहेरदेशच्या लोकायच्या लेन्सा मी पाह्यल्या नाई. मी माहं माप आनलं," असे म्हणून शालिकरामांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक सागाची पट्टी होती, त्यांच्या लेन्सएवढी लांब. दुसरे होते भाजीच्या दुकानातले दोन किलोचे लोखंडी माप.

गजेंद्रला हसू आवरेना. "काका, हे कॅमेऱ्याचं दुकान हाये. भाजीबाजार नोय!"

"तोलाचं काम जिथं, तिथं माप लागते गड्या. तू चहा सांग."

त्यांनी मुठीवाल्या बॉलहेडवर पट्टी बसवली, तिच्या टोकाला फडक्याने माप बांधले आणि टोक समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोखले. टोक बरोबर चौदा तारखेवर होते. फिरकी आवळली आणि हात काढला. टोक हळूहळू खाली सरकू लागले. पंधरा, सोळा, सतरा.

"तुहा चहा यायचा हाये अजून, आन् इथं तीन दिवस गेले," शालिकराम म्हणाले.

चहा अजून येईना, म्हणून त्यांनी वर्षालीला टपरीवर पाठवले. दुसरा, हलका बॉलहेड पंधरा तारखेवर जाऊन थांबला. मग माझी पाळी आली. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. पण माझा गोळा मोठा, वाटी खोल. मी चौदावरच राहिलो.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी डोळे मिटून माझ्या तिन्ही फिरक्या चाचपल्या. नजर पक्ष्यावर असताना कुठली फिरकी कुठे आहे ते बोटांना कळायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. माझी एक फिरकी मोठी, एक लहान आणि एक चपटी आहे. त्यांना ते पटले.

"जड हाये काका. जंगलात पाठीवर घेऊन फिरसान, मंग म्हनसान गजेंद्रनं सांगतलं नाई."

"पालकाचे कट्टे वाह्यले म्यां. हे तं एक मोठं वांगं हाये."

मला खोक्यात ठेवताना गजेंद्र म्हणाला, "एक ध्यानात ठेवजा. याले तेल नका देऊ कधी. कोरड्या फडक्यानं पुसाचं, बस."

शालिकरामांनी मान डोलावली. चहाची किटली घेऊन वर्षाली दारात आली, तेव्हा खोके बंद झाले होते.

मित्रांनो, त्यानंतरची दहा-अकरा वर्षे माझी कामाची होती. काटेपूर्णाच्या पाण्याकाठी मी चिखलात उभा राहिलो. उन्हाळ्यात इतका तापलो की शालिकराम मला ओल्या रुमालाने धरत. माझ्यावर विसंबून काढलेला एक खंड्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात लागला. लोकांनी लेन्सची तारीफ केली, कॅमेऱ्याची केली. माझे नाव कुणी घेतले नाही. सांध्याचे असेच असते. तो नीट असतो तोवर त्याची आठवण कुणाला येत नाही.

शालिकरामांना एकच फोटो हवा होता आणि तो मिळत नव्हता. तो रानपिंगळ्याचा. हे साळुंकीएवढे लहानसे घुबड आहे. शंभराहून अधिक वर्षे ते कुणाला दिसले नव्हते, नाहीसे झाले असेच सगळे समजत होते. मग ते पुन्हा सापडले. आपल्या मेळघाटात ते आहे आणि दिवसाउजेडी फांदीवर बसते. शालिकरामांकडे त्याच्या पाठीचे फोटो होते, उडतानाचे होते. त्यांना तो समोरून हवा होता, दोन्ही डोळे कॅमेऱ्यात पाहत असलेला. दर हिवाळ्यात ते अकोटमार्गे एसटीने धारणीला जात आणि तिथून कुंदन नावाच्या वाटाड्याच्या जीपने पुढे.

त्यांच्या पत्नीला, पार्बताबाईंना, हा नाद मुळीच पसंत नव्हता. "लोकं सकायी उठून देवाचं तोंड पाह्यते, आन् आमचा मानूस घुबडाचं तोंड पाहाले धारणीले जाते. या घरात घुबडाचा फोटू लागनार नाई, कान खोलून आयका!"

"आंधी निंघू तं दे," शालिकराम म्हणत.

आता दसऱ्याचे सांगतो. त्या घरात दसऱ्याला सगळी अवजारे अंगणात निघत. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, दुकानातला तराजू. धुऊन, पुसून, प्रत्येकाच्या सांध्यात तेल सोडून पाटावर मांडत आणि हळदकुंकू वाहत. वर्षभर राबलेल्याला त्या घरात तेल मिळे. त्या पाटावर मीही असे. पण मला शालिकराम स्वतः कोरड्या फडक्याने पुसत, माझे हळदकुंकू माझ्या खोक्याला लावत आणि तेलाची कुपी माझ्यावरून पुढे नेत. हे त्यांनी कधी कुणाला मुद्दाम सांगितले नाही. घरच्यांनी मला पाटावर पाहिले होते, एवढेच.

मागच्या वर्षी दसऱ्याला शालिकराम उठू शकले नाहीत. आजाराने त्यांच्या हातांतला जोर गेला होता. माझी मोठी फिरकी फिरवताना त्यांचे ओठ आवळले जात. वर्षाली आता अमरावतीत शिक्षिका आहे. ती सुट्टीला आली होती आणि तिने ते पाहिले होते. वडिलांऐवजी तिने अवजारे काढली. विळ्यांना तेल दिले, तराजूला दिले. मग मला हातात घेतले. बारा वर्षांच्या धुळीने मी थोडा करकरत होतो. तिने आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब माझ्या वाटीत सोडले आणि गोळा सगळीकडे फिरवला. करकर थांबली. फिरकी लोण्यासारखी फिरू लागली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. वडिलांच्या हाताला आता त्रास होणार नव्हता.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. नाहीतर मी तेव्हा ओरडलो असतो.

दिवाळीनंतर शालिकरामांना थोडे बरे वाटले. त्यांनी धारणीचा हट्ट धरला. वर्षाली सोबत गेली. सकाळी आठच्या सुमारास कुंदनने जीप थांबवली आणि बोट दाखवले. सागाच्या वाळक्या फांदीवर रानपिंगळा बसला होता, पाठमोरा. शालिकरामांनी तिवई लावली, लेन्स रोखली आणि फिरकी आवळली. पिंगळ्याने मान वळवायला सुरुवात केली. शालिकरामांनी बटणासाठी हात काढला आणि मी सुटलो. लेन्सचे वजन मला धरवेना. कॅमेऱ्याने मान टाकली, लेन्सचे तोंड तिवईवर आपटले आणि खट्ट असा आवाज झाला. फांदी रिकामी झाली.

"काय झालं काका?" कुंदनने विचारले.

शालिकरामांनी माझ्या गोळ्यावरून बोट फिरवले आणि ते बोट नाकाशी नेले. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या वर्षालीकडे पाहिले.

"कायी नाई. हात हालला माहा."

"बाबा, लागलं तं नाई?" वर्षाली पुढे आली.

"नाई व. म्हातारा झालो, दुसरं काय."

त्यांनी मला रुमालाने पुसले. वरवरचे तेल निघाले. आतले आतच राहिले.

पौषात शालिकराम गेले.

फाल्गुनात एका रविवारी वर्षालीने मला पिशवीत घातले आणि गजेंद्रच्या दुकानात आणले. तिला नवा बॉलहेड हवा होता. वडिलांचा राहिलेला फोटो काढायचे तिने ठरवले होते, आणि मी निकामी झालो आहे हे घरी कॅमेरा लावून पाहताना तिच्या लक्षात आले होते. तिने पिशवीतून सागाची पट्टी आणि दोन किलोचे माप काढले. या वेळी गजेंद्र हसला नाही. त्याने स्वतःच चहा सांगितला.

तिने चार बॉलहेड तपासले. डोळे मिटून फिरक्या चाचपल्या. एक तारखेवरून हलला नाही, तो तिने बाजूला काढला. मग कोण जाणे का, तिने शेवटी मला लावून पाहिले. पट्टीचे टोक पाचवरून थेट दहावर गेले.

"असं होऊच शकत नाई," गजेंद्र म्हणाला. त्याने माझा गोळा चोळला आणि बोटाचा वास घेतला. "ताई, याले तेल कोनं देल्लं?"

"म्यां."

"काहून?"

"दसरा होता."

गजेंद्रने बोट फडक्याला पुसले. मग म्हणाला, "दिवाळीनंतर काकाचा फोन आल्ता. म्हने, गजेंद्र, माह्या हातून तेल सांडलं त्याच्यावर, निंघन का? मी म्हटलं घेऊन या, अर्ध्या घंट्याचं काम हाये. बुधवारी येतो म्हने. मंग आलेच नाई."

चहा आला होता. वर्षालीने पेला उचलला नाही.

"त्यायच्या हातून नोतं सांडलं," ती म्हणाली. "आन् त्यायचा हातही नोता हालला."

गजेंद्रने मला उघडले. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून त्याने वाटी पुसली, गोळा पुसला. काळे पडलेले कापसाचे बोळे वर्षाली एकेक करून बाजूला ठेवत होती. शेवटचा बोळा पांढरा निघाला. मला जोडून पुन्हा पट्टी लावली, माप बांधले. दोघेही कॅलेंडरकडे पाहत उभे राहिले. चहावर साय आली. टोक पाच तारखेवरच होते.

"मंग हे नवं?" गजेंद्रने विचारले.

"राहू द्या."

चैत्रात आम्ही धारणीला गेलो. सागाची पाने झडली होती. कुंदनने दोन सकाळी नुसतेच हिंडवले. तिसऱ्या सकाळी रानपिंगळा दिसला, तसाच पाठमोरा, शेपटी डावी-उजवी हलवत. वर्षालीने लेन्स रोखली, मला आवळले आणि हात काढला. पण बटण दाबले नाही. ती नुसती थांबली.

"ताई, काढा नं! उडन ते," कुंदन कुजबुजला.

"चहा येऊ द्या," ती म्हणाली.

कुंदनला त्यातले काही कळले नाही. मला कळले. मी दोन किलोच्या मापाखाली थांबलो होतो तसा थांबलो. लेन्स तसूभर हलली नाही. पिंगळ्याची शेपटी थांबली. मग त्याने मान वळवली आणि आमच्याकडे पाहिले, दोन्ही डोळ्यांनी.

तो फोटो आता अकोल्याच्या घरात, तराजूच्या वर लावलेला आहे. खिळा पार्बताबाईंनी स्वतः ठोकला. वर्षालीने त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहतं काय? डोये तुह्या बापावानीच वटारले त्यानं."

मित्रांनो, माझी तक्रार कुणाबद्दल नाही. चार थेंबांत वाईट हेतू नव्हता, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या वस्तूंची, जनावरांची, म्हाताऱ्या माणसांची काळजी जरूर घ्या. पण हात लावण्याआधी विचारा, की याला काय लागते. विळ्याला तेल लागते. मला लागत नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगून ठेवावे, एकट्याजवळ ठेवू नये.

खोक्यातला कागद वर्षालीने उघडला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मराठीत मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली आणि तो तेलाच्या कुपीला दोऱ्याने बांधून ठेवला. पुढच्या दसऱ्याला अवजारे कुणीही काढो, कुपी उचलण्याआधी त्याला ती ओळ वाचावीच लागेल.