फोटो पाठवू नका

रविवारी दुपारी गुफरान जेवायला बसला होता. फोन पाठोपाठ बोलला, "फोटो. फोटो. फोटो."

"या अल्ला, परत!" म्हणत त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

गुफरान जन्मापासून अंध. सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात राहायचा, एका पतसंस्थेत टेलिफोन ऑपरेटर होता. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोन वापरणाऱ्यांसाठी त्यानं 'बोलता फोन' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. ग्रुपच्या माहितीत पहिलंच वाक्य होतं: फोटो पाठवू नका, काय होतंय ते लिहा, आणि आधी काय केलं होतं तेही सांगा. अंध माणसं ते नीट ऐकायची. ज्यांना दिसत होतं, जे घरच्या कुणासाठी तरी विचारायला यायचे, ते मात्र कधीच वाचायचे नाहीत.

फोटोंखाली मंगळवेढ्याच्या बिभीषणचा मेसेज होता. "फोन बंद. अर्जंट."

"बंद म्हणजे काय होतंय?" गुफरानने विचारलं.

"चालत न्हाय."

"चार्ज होतो का? रिंग वाजते?"

"फोटो टाकलाय की."

"भाऊ, मला दिसत नाही."

त्यावर इमोजींचं उत्तर आलं ते गुफरानचा फोन इमानदारीनं वाचत सुटला, "जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात..." गुफरानने फोन उशीखाली सारला. आमटी निवली होती.

थोड्या वेळानं ग्रुपातल्या गोजाबाईंचा व्हॉइस मेसेज आला. "गुफरानभाई, ह्या माणसानं हेच दुसऱ्या दोन ग्रुपांवर बी टाकलंय. तितं कुणीतरी त्याला सगळा फोन पुसून टाकायला सांगितलंय."

गुफरानने ताबडतोब बिभीषणला फोन लावला. "पुसला का फोन?"

"आता पुसायलोच की. तुमी लई उशीर केला."

"हात लावू नका! सगळे नंबर जातील. फोन कुणाचा आहे?"

"बहिणीचा, सोनमचा. उद्या तिचा सोलापुरात कामाचा पहिला दिवस हाय. एकटीच एसटीनं यायचीय."

"मग तिच्याशी बोलू द्या."

"तिला काय कळणार? तिला दिसत न्हाय."

गुफरानच्या कपाळाची शीर उडायला लागली. "मला तरी कुठं दिसतं? द्या तिला!"

सोनमचा आवाज शांत होता. "सर, फोन चालू आहे. रिंग वाजते. बोट फिरवलं की थरथरतो, पण बोलत नाही. आवाज वाढवून पाहिला. सकाळी ठीक होता. मग दादानं फोनमध्ये जागा करायची म्हणून घेतला, परत दिला तेव्हापासून गप्प आहे."

गुफरानने मोठा श्वास सोडला. एवढंच तर तो मघापासून विचारत होता.

"बिभीषणभाऊ, कुठली ॲपं बंद केलीत?"

बिभीषणनं फोन परत हातात घेतला. "एक बोलण्याचं कायतरी होतं. कामाचं दिसंना, म्हणून."

"तेच चालू करा."

बिभीषण पुटपुटत सेटिंगमध्ये शिरला. फोन बंद करून परत चालू केला, आणि सोनमचा फोन खणखणीत बोलला. ती हसली. बिभीषण "झालं, झालं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. लगेच ग्रुपही सोडला. साधं थँक्यूसुद्धा नाही. गुफरान चरफडत ताट उचलायला उठला.

संध्याकाळी सोनम स्वतःच्या नंबरवरून ग्रुपात आली. काय झालं होतं, कशानं सुटलं, सगळं तिनं लिहिलं होतं, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल. खाली आणखी एक प्रश्न होता: "उद्या सकाळी मंगळवेढ्याच्या एसटीनं स्टँडवर उतरेन. मला जुळे सोलापूरला जायचंय. काठी आहे, शहर नवीन आहे. रिक्षा कुठल्या बाजूला मिळते?"

गुफरानने ते दोनदा ऐकलं. तो सांगायला लागला, तोवर गोजाबाईंनी स्टँडच्या फाटकाबाहेरच्या रिक्षांपर्यंतची वाट सांगूनही टाकली होती.