दुरुस्तीनंतरचा पहिला बार

भंडाऱ्यातले भांड्यांचा व्यापारी नंदलाल याच्या घरी वडिलांच्या वेळचे हवेचे पिस्तूल होते. नळी खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, घोडा ओढायचा. १९७९ सालापर्यंत त्यातून हवा इतकी गळू लागली होती, की छर्रा नळीतून निघून समोरच मातीत पडे.

तरी दर दसऱ्याला ते बाहेर निघे. तराजू आणि हातोड्यांसोबत त्याची पूजा होई. मग घरचा कर्ता काशाच्या थाळीवर एक छर्रा उडवी. थाळी वाजली की मंडळी सोने लुटायला निघत. वडिलांच्या काळी थाळी अंगणाच्या टोकाला कडुलिंबाला टांगलेली असे. पिस्तुलाचा जोर ओसरत गेला, तशी थाळी जवळ येत गेली. शेवटी नंदलालची बायको सुमित्राबाई ती हातात धरून नवऱ्याच्या अगदी पुढ्यात उभी राहू लागली. छर्रा लागो न लागो, ती मागून बोटातल्या अंगठीने थाळी वाजवून देई. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावर कोणी बोलत नसे.

त्या वर्षी नंदलालने पिस्तूल सेवकरामकडे नेले. सेवकराम बसस्टँडजवळ पंपाचे स्टोव्ह दुरुस्त करी. पिस्तूल खोलल्यावर त्याला आतले सारे ओळखीचे वाटले. नळकांडे, दट्ट्या आणि दट्ट्याच्या तोंडाशी वाळून चिरलेले चामड्याचे वॉशर. त्याने चामड्याची नवी वाटी कापून बसवली. मग स्टोव्हच्या पंपाला जे करायचा, तेच केले. चामडे फुगून घट्ट राहावे म्हणून नळकांड्यात रॉकेल सोडले. नळीवर अंगठा धरून दट्ट्या दाबून पाहिला, हवा कुठूनच निघेना. छर्रे त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे उडवून पाहणे राहिले.

दसऱ्याला नंदलालने त्याला मुद्दाम घरी बोलावले. पूजा आटोपली. सुमित्राबाई थाळी छातीशी धरून नेहमीच्या जागी उभी राहिली.

“यंदा तरी तुमच्या हातानं वाजते का पाहू,” ती नवऱ्याला म्हणाली. “मले तं दरसाली अंगठी झिजवा लागते.”

सेवकराम हसला. नंदलालने घोडा ओढला.

आवाज बंदुकीसारखा झाला. पिस्तुलाच्या तोंडातून निळसर धूर आला. थाळीचे तुकडे होऊन पडले आणि सुमित्राबाई मटकन खाली बसली. गळ्याखाली लुगडे लाल होऊ लागले.

हवेच्या पिस्तुलातून धूर निघतो, हे तिथे कोणी कधी पाहिले नव्हते. सेवकरामने नंदलालच्या हातून पिस्तूल घेतले आणि नळीचा वास घेतला.

“दाबानं मातीचं तेल पेटलं आतमंधी,” तो हळूच म्हणाला. “मीच टाकलं होतं.”

एक शेजारी रिक्षा आणायला धावला. जखम थाळीच्या तुकड्याची की छर्ऱ्याची, ते रक्तामुळे कळत नव्हते. छर्रा बाहेर सापडला तर तो तिच्या अंगात नाही, एवढेच नक्की होते. दोघे पुरुष गुडघ्यांवर बसून अंगण चाचपू लागले. झेंडूच्या पाकळ्या बाजूला केल्या, रांगोळी पुसली गेली. नंदलाल एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. सुमित्राबाई पदराचा बोळा गळ्याखाली दाबून त्यांच्याकडे पाहत होती.

उंबऱ्याच्या फटीत सेवकरामला छर्रा सापडला. चपटा झाला होता.

“बाहेरच हाय, वैनी,” तो म्हणाला आणि तिथेच रडू लागला.

नंदलालने छर्रा घेऊन तिच्यासमोर धरला. तिने तो पाहिला नाही.

“दुरुस्त झालं हे तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

“मंग मले इथं काहून उभी केली?”

नंदलालने थाळीच्या तुकड्यांकडे पाहिले.

“दरसाली तूच उभी राहते म्हणून,” तो म्हणाला.

रिक्षा दाराशी आली. सुमित्राबाई कोणाचा हात न धरता उठली आणि रिक्षात जाऊन बसली. नंदलाल मागोमाग चढू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिले. तो खाली उतरला.

दवाखान्यात तिच्यासोबत सेवकराम गेला.