शेताकडची बाजू

माधवनगर स्टेशनातून निरोप आला तेव्हा आकाराम गँगबरोबर स्लीपरखाली खडी भरत होता. वाडीजवळ मालगाडीनं एक बाई उडवली, रूळ मोकळा करा. गँगमनचं ते कामच, म्हणून तो फावडं घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाला. रुळावर उसाचं वाडं, म्हशींना घालतात तो शेंड्यांचा चारा, पसरलं होतं. वाड्याखालचा हात त्यानं ओळखला. हरणाबाई, त्याची बायको.

वाडीच्या लोकांनी कुंपणाच्या तारा दोन्ही बाजूंनी तोडून रुळावरून वाट पाडली होती. रेल्वेच्या साहेबांच्या हुकमानं आकारामनंच आदल्या दिवशी गावाकडची बाजू बाभळीच्या फांद्यांनी गच्च बंद केली. फांद्या संपल्या. शेताकडची उद्या करू म्हणाला. घरी हे बोलायचं त्याला सुचलं नाही. हरणाबाई सकाळी शेतमालकाच्या बैलगाडीतून लांबच्या रेल्वे फाटकानं शेतात गेली आणि येताना डोक्यावर वाडं घेऊन नेहमीच्या वाटेनं आत शिरली. पुढं काटे. मग दुसरी वाट शोधत ती रुळावरूनच चालू लागली. वाडं कानावर लोंबत होतं. गाडी ऐकू आली नाही.

तिचे दिवस घातले आणि आकाराम काटेरी तार घेऊन शेताकडच्या बाजूला गेला. शेत लालासाहेबाचं. वाट बंद झाली तर मजूर बायका यायच्या थांबतील म्हणून तो त्यांनाच घेऊन आडवा आला.

"काय रं, एक बायकू पुरली न्हाई व्हय?"

बायका हसल्या. त्यांत आकारामची थोरली भावजय मनुबाईही होती.

"आवं मालक, ही बाजू बंद असती तर ती आत आलीच नसती."

"मग तवाच का न्हाई केलीस? लय दमला हुतास?"

आकाराम तार ओढत राहिला. मनुबाई भारा घेऊन पुढं झाली.

"सरा भावजी. फाटकानं लय लांब पडतंय. म्हशी काय तुमची तार खात्यात?"

"फिरून जावा, वयनी."

"न्हाई जात. घाला माझ्यावरनं गाडी. सवय हाय की तुमास्नी."

आकारामनं तिच्या डोक्यावरचा भारा ढकलला. ती भाऱ्यासकट तारेवर पडली, दंड कोपरापर्यंत फाटला. ती ओरडत होती. तो जागचा हलला नाही.

"कुणीतरी उचला रं तिला!" लालासाहेब म्हणाला.

"तुमीच उचला," आकाराम म्हणाला. "आख्खी हाय. हरणीला मी फावड्यानं गोळा केली."

लालासाहेबाच्या गड्यांनी तार ओढ्यात फेकली. बायकांनी गावाकडचे काटे उपसले आणि आकारामच्या दारात आणून रचले.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. त्यांनी गावाकडची बाजू लोखंडी खांब ठोकून कायमची बंद केली. शेताकडं लालासाहेबानं माणसं उभी केली होती. एक बाजू बंद झाली की लोक आपोआप थांबतील, असं म्हणून साहेब परत गेले.

बायका थांबल्या नाहीत. त्या अजून वाडं घेऊन आत येतात, खांबांशी अडतात आणि रुळावरून चालू लागतात.

शेताकडची बाजू बंद करायची राहिली आहे.