सत्यशीलाचं तिसरं

सत्यशीला सरपंच झाली ती जागा बाईसाठी सुटली म्हणून, आणि वस्तीची मतं एकगठ्ठा पडली म्हणून. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे माळावर धनगरांची ही वस्ती आणि खाली ओढ्याच्या पलीकडे मूळ गाव. ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच. पण शाळा खाली, रेशनचं दुकान खाली, पाणीही खालीच. वस्तीवरच्या बायका चढ चढून हंडे आणायच्या आणि उन्हाळ्यात टँकरच्या नळीभोवती भांडायच्या. आजवरचे सगळे सरपंच खालचेच. त्यातले शेवटचे राधाकिसन. तीन वेळा निवडून आलेले, गावात बड्या जमिनीचे मालक. वस्तीचं पाणी त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचं.

कारभार आपणच बघायचा असं तिच्या नवऱ्यानं, गोरक्षनाथनं, आधी धरलं होतं. मेंढरं विकून त्यानं मोटारसायकल घेतली होती आणि तालुक्याला चकरा मारायला त्याला आवडायचं. पण पहिल्या वर्षातच सत्यशीला स्वतः कचेऱ्यांत जाऊन बसायला लागली. साहेब लोक नवऱ्याशी बोलायला वळले की ती मध्येच विचारायची, "सरपंच मी हाये ना?" गोरक्षनाथला हे सुरुवातीला लागलं. मग तो बाहेर चहाच्या टपरीवर थांबायला लागला, आणि पुढे तर लोकांना अभिमानानं सांगायला लागला.

नळयोजना मंजूर झाली ती तिच्या दुसऱ्या वर्षी. निम्मा पैसा दिल्लीचा, निम्मा मुंबईचा, काम जिल्हा परिषदेचं आणि नळ चालवायचे ग्रामपंचायतीनं. खाली तलावाकाठी विहीर खोदून झाली. माळावर टाकी उभी राहिली, तिला निळा रंग लागला. मधली पाइपलाइन तेवढी राहिली. तेवढ्यात सत्यशीलाला दिवस गेले.

घरात छकुली आणि तिची धाकटी बहीण, अशा दोन मुली होत्याच. सासू आसराबाईंनी बातमी ऐकली आणि देवापुढे साखर ठेवली. गोरक्षनाथ चार दिवस उगाच हसत फिरला. सत्यशीलालाच तेवढी धास्ती वाटत होती, कारण उमेदवारीचा अर्ज भरताना लेकरांबद्दल काहीतरी लिहून घेतलं होतं हे तिला आठवत होतं. तिनं ग्रामसेवक कल्याण यांना घरी बोलावलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस भला होता, बोलायचा कमी.

"ताई, तिसरं मूल झालं की पद गेलं," ते म्हणाले. "राजीनामा द्यायची बी गरज न्हाई. कुणी तक्रार केली की जिल्हाधिकारी काढून टाकतात. लेकरू दत्तक दिलं तरी ते तुमचंच मोजतात."

गोरक्षनाथला हे पटेना. "आपल्या आमदारसाहेबांना चार लेकरं हायेत. मंग त्यांचं कसं?"

"हा नियम जिल्हा परिषदेपासून खाली. आमदार-खासदाराला न्हाई."

"का न्हाई?"

कल्याण खाली बघत होते. "कायदा तेच करतात, दाजी."

पोट पाडायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. एकदा ती भोकरदनला डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पोटावर यंत्र ठेवलं आणि ठोके ऐकवले. ती उठली आणि एस.टी. धरून घरी आली.

मग उरलं पद सोडणं. तेही तिनं गोरक्षनाथला बोलून दाखवलं. पण ती गेली की कारभार उपसरपंचाकडे जाणार होता, आणि उपसरपंच राधाकिसनचा पुतण्या. एवढ्याशा वस्तीसाठी माळावर पाइप चढवायची काय गरज, खालच्या गल्ल्यांना नळ द्या, असं राधाकिसनचं पारावर उघड बोलून झालं होतं. वस्तीला नळ द्यायचा ठराव फिरवायला एक बैठक पुरली असती.

त्याच आठवड्यात शेजारची द्वारकाबाई डोक्यावर हंडा घेऊन चढताना पडली. तिचा गुडघा कायमचा गेला. सत्यशीला बघायला गेली तर द्वारकाबाई खाटेवरून म्हणाली, "माझं जाऊ दे. माझ्या सुनेला हंडा उचलावा लागणार न्हाई, तुझ्यामुळं."

तुरीच्या शेंगा सोलता सोलता आसराबाईंनी वाट काढली. त्यांची लेक बेबीनंदा अंबडला दिलेली होती. जावई राधेश्यामचं तिथं बाजारात सरकी-पेंडीचं दुकान. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली, मूल नाही. पदराआड पोट लपेल तोवर सत्यशीलानं गावात राहायचं, मग शेवटच्या महिन्यांत तिकडं जायचं, ओळखीच्या दवाखान्यात बाळंत व्हायचं आणि कागदावर आई म्हणून बेबीनंदाचं नाव लावायचं. आसराबाईंच्या मते यात कुणाचंच वाईट होत नव्हतं. लेकीचं घर भरत होतं, सुनेचं पद राहत होतं, लेकरू घरातल्या घरात वाढत होतं. "डोळ्यापुढंच राहील की," त्या म्हणाल्या.

सत्यशीला हो म्हणाली. पुढे अनेकदा तिनं आठवून बघितलं, पण आपण नेमके कुठल्या क्षणी हो म्हणालो हे तिला सांगता आलं नसतं. दोन्ही मुलींना आजीपाशी ठेवून, ननंद आजारी आहे असं गावात सांगून ती अंबडला गेली.

मुलगा झाला. बेबीनंदानं तो हातात घेतला आणि इतकी रडली की दवाखान्यातल्या मावशीलाही खरी बाळंतीण कोण ते क्षणभर कळेना. थोडे दिवस सत्यशीलानं त्याला पाजलं. मग बेबीनंदा म्हणाली, "वैनी, आता वरच्या दुधाची सवय लावू. न्हाई तर तुम्हालाच जड जाईल." बोलली ते प्रेमानं, पण तिचे हात आधीच पुढे आले होते.

माळावर परतल्यावर पहिल्यांदा ती जालन्याला गेली ती पाइपलाइनसाठी. अभियंत्याच्या टेबलासमोर बसलेली असताना दुसऱ्या कुणाचं तरी तान्हं बाहेरच्या व्हरांड्यात रडलं आणि तिचं पोलकं भिजलं. तिनं पदर ओढून घेतला. अभियंता समजावून सांगत होता की काम बंद आहे कारण ठेकेदाराची बिलं थांबली आहेत, आणि बिलं थांबली कारण राज्याकडून पैसा आलेला नाही. ती ऐकत राहिली. छाती दुखत होती.

मग ती आमदारांकडे गेली. आमदारांनी चहा पाजला, तिच्या कामाची तारीफ केली आणि सांगितलं की राज्य आपला वाटा टाकायला बिलकुल तयार आहे, पण केंद्राचा हप्ता आल्याशिवाय टाकता येत नाही. खासदारांच्या कचेरीत त्यांच्या माणसानं सांगितलं की पाणी हा राज्याचा विषय. मागच्या पैशाचा हिशेब राज्यानं दिलाच नाही तर केंद्र तरी कसं देणार. जिल्हा परिषदेत सदस्यांपुढे गाऱ्हाणं मांडावं तर सदस्यच नव्हते. निवडणूक कित्येक दिवसांपासून लांबली होती आणि सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. कुणी तिला हाकललं नाही. कुणी खोटंही बोललं नसावं. प्रत्येकानं खुर्ची दिली आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

राधाकिसनला कुठून कळलं कोण जाणे. अंबडच्या बाजारात त्याचीही माणसं होतीच. त्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली की सरपंचांनी तिसरं अपत्य लपवलं आहे. सुनावणीची नोटीस आली तशी बेबीनंदाचा फोन आला. "वैनी, त्यांनी माझं लेकरू काढून घेतलं तर?" सत्यशीला म्हणाली, तसं काही होणार नाही. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण 'माझं' या शब्दावर अडखळलोसुद्धा नाही.

सुनावणीला गोरक्षनाथ, बेबीनंदा, राधेश्याम सगळे आले होते. मुलाला राधेश्यामनं कडेवर घेतलं होतं. तो आता मान धरत होता. नाक थेट छकुलीचं. दालनात सत्यशीलाच्या वकिलानं जन्माचे कागद दाखवले, त्यावर आई बेबीनंदा, बाप राधेश्याम. राधाकिसनकडे ऐकीव गोष्टींपलीकडे काही नव्हतं. साहेबांनी सत्यशीलाला शपथेवर विचारलं, तुम्हाला अपत्यं किती.

"दोन. दोन मुली."

"अंबडचा हा मुलगा तुमचा नाही?"

बाहेरून त्याचा आवाज येत होता, नुसतंच हुंकारणं. राधेश्याम त्याला खिडकीपाशी नेऊन रस्ता दाखवत असावा. गोरक्षनाथ जमिनीकडे बघत होता. आपण गप्प राहिलो तर काय होईल, एवढंच तिच्या मनात आलं. पद जाईल. लेकरू परत येईल? येणार नाही. बेबीनंदा पोलिसांत अडकेल, कागद खोटे ठरतील, आणि पुतण्या ठराव फिरवेल.

"न्हाई साहेब. तो माझ्या ननंदेचा मुलगा हाये. माझा न्हाई."

साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं, तिनं खाली सही केली. पुराव्याअभावी तक्रार फेटाळली गेली.

पायऱ्यांवर राधाकिसन एकटाच उभा होता. ती बाजूनं जायला लागली तसा तो म्हणाला, "पोरगं तुझंच हाये. मी बी लेकराबाळांचा माणूस, दिसतं मला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "एवढं कशापायी केलंस? पाण्यापायी?"

ती पायरीवरच थांबली.

"मी खोटा न्हवतो गं. तीन बारी सरपंच व्हतो, तिन्ही बारी ती फाईल घेऊन फिरलो. मुंबईपातुर गेल्तो. पाणी न्हाई आलं." तो चष्मा पुसत राहिला. "मला काढून टाकलं असतं तर सुटलो असतो मी. तुला सोडवायला निघाल्तो म्हणावं तर तसं बी न्हाई. खुर्ची पाहिजे व्हती पुतण्याला."

एवढं बोलून तो रिक्षा बघायला गेला. सत्यशीला तिथंच पायरीवर बसली. गोरक्षनाथनं तिला उठवलं तेव्हा बेबीनंदा आणि राधेश्याम मुलाला घेऊन केव्हाच अंबडच्या गाडीत बसले होते. भेटायलाही थांबले नव्हते. नंतर बेबीनंदानं आईकडून निरोप धाडला की वैनींनी सध्या घरी येऊ नये, लोकांच्या नजरा वाईट असतात. त्या 'सध्या'ला काही शेवट नव्हता. आसराबाईंनी निरोप सांगितला आणि तोंडाला पदर लावून त्या चुलीपाशी जाऊन बसल्या.

पाइप आले नाहीत. टाकीचा निळा रंग उन्हानं पांढुरका पडला. ती आतून एकदाही ओली झाली नव्हती. त्या उन्हाळ्यात मेंढरं घेऊन अर्धी वस्ती गोदाकाठाला उतरली. द्वारकाबाईची सून हंडा घेऊन चढ चढायची, आणि सत्यशीला समोर दिसली तर मान वळवायची. तिला कुणी दोष देत नव्हतं. पाण्याचं विचारणंच बंद झालं होतं, आणि ते जास्त जड होतं.

मुलगा वर्षाचा झाला तेव्हा त्याचं जावळ पिंपळगावला रेणुकामातेच्या देवळात काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून गोरक्षनाथला बोलावणं आलं, मामाबरोबर मामीही. देवळाच्या ओसरीत पाट मांडला. गोरक्षनाथ मांडी घालून बसला आणि बेबीनंदानं मुलगा त्याच्या मांडीत ठेवला. वस्तरा डोक्याला लागताच मुलानं टाहो फोडला. गोरक्षनाथनं त्याला दोन्ही हातांनी धरलं. त्याचे ओठ हलत होते, पण तो मुलाला काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही. राधेश्यामच्या बहिणीनं पदर पसरून केस झेलले. मामीला त्या विधीत काही काम नव्हतं. सत्यशीला खांबाला टेकून बायकांत उभी होती.

केस उतरल्यावर मुलगा हात पसरून रडत राहिला. ती नकळत एक पाऊल पुढे झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि बेबीनंदाच्या खांद्यात तोंड खुपसलं.

जेवणं झाली. निघताना बेबीनंदानं मामीची ओटी भरली, पाया पडली, मुलाचंही डोकं तिच्या पायांवर टेकवलं. सत्यशीलानं त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. तेवढंच.

घरी येताना गोरक्षनाथ गाडी अगदी हळू चालवत होता. त्याच्या पँटवर बारीक केस चिकटलेले होते, ते त्यानं झटकले नव्हते. माळाच्या चढावर गाडी थांबवून तो म्हणाला, "एकदा हो म्हणालीस, तसं एकदा न्हाई म्हणायला पाहिजे व्हतं."

"तू म्हणायचं व्हतंस," ती म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली. सोमवारी तिला टँकरच्या खेपा वाढवून मागायला तहसीलला जायचं होतं, त्यासाठी नवा अर्ज लिहायला हवा होता.