खांद्यातलं लोखंड

येसाजीचा उजवा खांदा कधी निखळेल याचा नेम राहिला नव्हता. सदरा घालताना निखळे, झोपेत कूस बदलताना निखळे. गिरणीच्या जिन्यावर पडल्याचं निमित्त झालं आणि ही कटकट मागे लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढून समजावलं होतं, "सांध्याच्या वाटीची कड तुटून झिजलीय. शेजारच्याच हाडाचा तुकडा पुढं आणून स्क्रूनं बसवू. त्याचा आडोसा झाला की खांदा सुटणार नाही." तारीखसुद्धा दिली. पण हा पठ्ठ्या शिमग्याचं निमित्त काढून म्हसळ्याजवळच्या आपल्या गावी पळून आला.

ग्रामदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान त्याच्या घराण्याचा. आणि अंगात लोखंड घातलेला माणूस देवीला चालत नाही, असं गावकीत कुणीतरी बोलून गेलं होतं. देवीला कुणी विचारलं नव्हतं, पण येसाजीने ते मनाला लावून घेतलं.

"हात कायमचा गेला तर मान काय चाटायचा?" त्याची बायको बायजा म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं," तो खेकसला आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागला. बसला तरी चैन नाही, उठला तरी नाही.

पालखी नाचवायची वेळ आली. ढोल तापले. येसाजीने दांडा सावरायला हात वर केला आणि खांदा निखळलाच! दांडा निसटला, पालखी कलंडली. मागचा दांडा धरलेल्या मोरूने छाती घालून ती झेलली म्हणून देवी जमिनीवर आली नाही.

हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्या धर्माजीबाबांनी येसाजीला आडवं केलं, काखेत टाच देऊन हात ताणला. खांदा बसला. येसाजी लगेच उठू लागला.

"पडून ऱ्हा," बाबा म्हणाले. "मी बसवतो, पन त्याला धरून ठेवनारं आत काय उरलंच न्हाय. माझं काम इथं संपलं. मुंबैला जा."

"बाबा, लोखंड घातल्यावर देवीला..."

"मागं एकदा पालखीचा दांडा तडकला व्हता. लोहाराकडून पट्टी कुनी मारून घेतली?"

"आमच्या बापानं."

"मग देवी बसायची ऱ्हायली का त्या पालखीत? लोखंड तिला चालतंय. तुला भ्या वाटतंय ते डाक्तरच्या सुरीचं, आन् नाव तिचं घेतोस."

येसाजीची मान खाली गेली. शरमेने त्याचे डोळे भरून आले. बाबा बोलले ते खरं होतं. तो उठला, पालखीला डाव्या हाताने नमस्कार केला आणि म्हणाला, "मोरू, यंदा पुढं तू हो." मग बायजाकडे वळला. "सकाळच्या यष्टीनं निघू."

पुढच्या शिमग्यात मोरूने स्वतःहून दांडा त्याच्या खांद्यावर दिला. ऑपरेशननंतर येसाजीचा हात पूर्वीइतका मागे वळत नव्हता, पण पालखी गावभर नाचली तरी खांदा जागचा हलला नाही. गावकीतही कुणी लोखंडावरून चकार शब्द काढला नाही.

मंडळी, आपणही दुखणी अशीच अंगावर काढतो आणि वर देवाचं नाव पुढे करतो. भीती वाटली तर भीती वाटते म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण दवाखान्याची वाट देवाच्या नावाने अडवू नका.