पाठीवरची गाठ

ओनेसासचं प्रेत दुपारी बंदराच्या तळाशी सापडलं. संध्याकाळी पाणबुड्यांचा संघ जमला, कारण सरण रचायचं की नाही हे सूर्यास्ताआधी ठरवायचं होतं. भिंतीवरच्या दगडात नियम कोरलेला आहे: जो स्वतःचा जीव घेईल, त्याला संघ अग्नी देणार नाही.

आम्ही कमरेला धोंडा बांधून बुडी मारतो. तळाशी गेल्यावर सुरगाठ ओढायची, धोंडा सुटतो आणि माणूस वर येतो. ओनेसासच्या धोंड्याला निरगाठ होती, ओढून न सुटणारी.

"अशी गाठ वर यायचं नसलेलाच मारतो," अध्यक्ष ओप्पिउस म्हणाला.

"तुमच्या संघात मरायलासुद्धा परवानगी काढावी लागते," त्रिफेना म्हणाली. ओनेसासची बायको ती, अजून रडली नव्हती. "गाठ कुठे होती ते सांगा ना."

"पाठीवर."

"चार दिवसांपूर्वी दोन होड्यांमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताची बोटं चेचली. त्याला घास भरवत होते मी. तो पाठीमागे हात नेऊन निरगाठ मारणार?"

बुडीआधी जोडीदारच गाठ तपासतो आणि ओनेसासचा जोडीदार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाकातुस दाराजवळ उभा होता. जोडीदाराच्या चुकीने माणूस गेला, तर चुकणाऱ्याचं नाव संघातून जातं. मग त्याच्या प्रेतालाही संघाचा खांदा नाही.

"पाकातुस," ओप्पिउस सावकाश म्हणाला, "नीट विचार करून बोल. नाही बोललास, तरी मी पुन्हा विचारणार नाही."

पाकातुस त्रिफेनाकडे बघत होता.

"वहिनी, त्याला म्हटलं होतं, आज राहू दे. म्हणाला, नांगर काढायचाय, जहाजवाला बोंबलतोय, बांध लवकर. मी मागे उभा राहून बांधली." तो थांबला. "नावेवर शिडाची दोरी बांधतो तशी. हात आपोआप गेला."



पहिल्या ठरावाला सगळे हात वर झाले. सरणाची लाकडं निघाली. दुसरा ठराव पाकातुसचं नाव काढण्याचा; त्यालाही सगळे हात वर झाले. ओप्पिउसचा सर्वांत शेवटी.

तिरडी निघाली तेव्हा पाकातुस मागून चालत आला. संघाच्या स्मशानाच्या कुंपणाशी तो थांबला. आत फक्त सभासद जातात. सरण पेटेपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्याला घरी जा म्हटलं नाही.